घंटीच्या चार तारा

आमचं घर लांबट आहे. पुढे रस्त्याला लागून आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कापडाचं दुकान. त्याच्या मागे दोन अंधाऱ्या खोल्या, मग स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या डोक्यावर माडीची खोली. दुकानातून कितीही बोंबललं तरी मागे ऐकू जायचं नाही. म्हणून घर बांधतानाच आप्पांनी गल्ल्यापाशी एक बटण आणि ओट्याच्या वर एक घंटी बसवून घेतली होती. त्या दोन्हींमधली वायर स्लॅबमधल्या पाइपातून गेली होती.

घंटीची भाषा सोपी होती. जितक्या घंट्या तितके कप चहा. लग्नसराईत केजकडच्या खेड्यांतून माणसं बस्ता बांधायला यायची. नवरदेवाकडचे, नवरीकडचे, दोन्हीकडचे मामा, शिवाय जिचं काही काम नाही पण जिने मान डोलावल्याशिवाय एक साडी पसंत होत नाही अशी एखादी आत्या. आप्पा बटण दाबत सुटायचे आणि आई भाकरी थापता थापता ओठांनी मोजायची. चौदा म्हणजे चौदा. तिच्या मोजण्यात कधी चूक झालेली मला आठवत नाही.

आणि बटण दाबून धरलं, लांब घंटी वाजली, की त्याचा अर्थ हातातलं टाक आणि पळत ये. ती वर्षातून एखाद्या वेळी वाजायची. एकदा आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावत गेली, तर आप्पांना नुसता ठसका लागला होता. इकडे भाकरीचा कोळसा झाला. "एवढ्यासाठी लांब दाबलीत व्हय? माजा जीव गेलता की!" म्हणून ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

आप्पा गेले आणि दुकान बंद झालं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. त्यानंतर दोन वर्षांनी आईला लकवा मारल्याचा फोन आला. मांजरसुंब्याला गाडी बदलून मी घरी पोचलो तो परत गेलोच नाही. आईचं उजवं अंग गेलं होतं आणि बोलणंही. तोंडातून 'आं' निघायचं, 'न्हा' निघायचं, आणि मधूनच एक कण्हल्यासारखा लांब सूर. घास गिळताना ठसका लागायचा आणि एकदा उबळ आली की थांबायची नाही. डॉक्टर म्हणाले होते, "खोकू द्या त्यांना. खोकल्यामुळंच अन्न फुफ्फुसात जात नाही. दाबायचा नाही बिलकुल."

तिची कॉट आम्ही दुकानात टाकली. कपाटं काढून टाकली होती, कोपऱ्यात कमोड बसवून घेतला होता आणि शटर अर्धं उघडं ठेवलं की तिला रस्ता दिसायचा. येणारीजाणारी बाई वाकून "कशी हाईस गं?" म्हणून विचारायची. गल्ल्याजवळचं बटण नेमकं कॉटच्या उशाशी आलं. एके दिवशी मी स्वयंपाकघरात वरण फोडणीला टाकत होतो आणि डोक्यावरची घंटी एकदा वाजली. मी दचकलो. पुढे गेलो तर आईचा डावा हात बटणावर होता आणि ती अर्ध्या तोंडाने हसत होती. जन्मभर जी घंटी ऐकत आली, ती आता तिच्या हातात आली होती.

तिने आपली भाषा ठरवली. एक घंटी म्हणजे पाणी, दोन म्हणजे कमोडवर न्यायचं, आणि लांब म्हणजे लांब. मला काही शिकवावं लागलं नाही. या घरात वाढलेल्या माणसाला घंटी मोजता येतेच.

माझं काम असं: पुण्यातली कंपनी दवाखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर बनवते, आणि ते कुठे अडकलं की दवाखान्यातला माणूस मला फोन करतो. तो फोन कॉम्प्युटरवर येतो, इंटरनेटवरून. तिसऱ्या रिंगच्या आत उचलायचा, असा नियम. गावात कुणाला ही नोकरीच वाटत नाही. "घरी बसून कसली नोकरी बे? म्हणून तर पोरगी देईना कुणी," असं माझे शाळेतले मित्र तोंडावर म्हणतात. मीही म्हणतो, "नका देऊ, तुमच्या पोरींचं नशीब थोर."

पण नेट धड नव्हतं. केबलवाल्याची वायर समोरच्या खांबावरून येते, त्यामुळे त्याने डबा, म्हणजे राउटर, दुकानात बसवलेला. मी काम करायचो माडीवर. मध्ये तीन भिंती आणि एक स्लॅब. वायफाय माडीवर पोचेपर्यंत अर्धमेलं व्हायचं. समोरच्या माणसाला माझे शब्द तुटक तुटक ऐकू जायचे. शेवटी साहेबांनी सांगितलं, महिनाभरात वायरवरचं पक्कं नेट दाखव, नाहीतर ऑफिसात येऊन बस.

ऑफिसात म्हणजे पुण्यात. तिथे माझी तिसऱ्या मजल्यावरची, लिफ्ट नसलेली खोली. नेऊ का तुला, असं मी आईला विचारलं, तेव्हा तिने डाव्या हाताने कॉटचा लोखंडी दांडा असा काही धरला की मला बोटं सोडवता येईनात. सकाळी एक बाई अंघोळ घालायला, भाकऱ्या करायला यायची, ती बाराला जायची. मग आईजवळ कोण? नोकरी सोडली तर खायचं काय आणि औषधं कशाची आणायची? थोडक्यात काय, मला आईजवळ राहायचं असेल तर खालचं नेट वायरने माडीवर नेणं भाग होतं. मी हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं.

बाहेरून वायर टाकून झाली होती. वानरांनी ती आठ दिवस ठेवली नाही. झोके घेतले आणि तोडून वडाच्या झाडावर टाकून दिली. मग मी वायरमनला बोलावलं. घराचा स्लॅब पडला तेव्हा पाइप अंथरणारा हाच माणूस. तेव्हा काळ्या मिशांचा होता, आता सगळं पांढरं. त्याने पाइपात पोलादी पट्टी सारली. ती दहा-बारा फूट गेली आणि थटली.

"स्लॅबच्या वक्ताला सिमेंट शिरलंय आत," तो म्हणाला. "नवीन वायर जात न्हाई आता. हाय ती वायर लई चांगली हाय मात्र. टेलिफोनची. आप्पांनी मुद्दाम घालाय लावलती, म्हणले मागं फोन न्यायचाय कवातरी."

त्याने बटणाची चौकट उघडली. वायरीत चार तारा होत्या. घंटीला दोनच लागतात, दोन नुसत्या गुंडाळून ठेवलेल्या. मी वाचून ठेवलं होतं की हळू चालणाऱ्या नेटला किमान चार तारा लागतात. चार म्हणजे चारही. एक कमी चालत नाही.

वायरमनने चहाचा कप खाली ठेवला. एकदा राउटरकडे पाहिलं, एकदा आईच्या कॉटशेजारच्या मोकळ्या जागेकडे. "भाऊ, येक इचारू का? डबा हितं हाय. टेबल हितंच टाका की. हातभर वायर लागंल. माजी गरज न्हाई आन् कुणाची न्हाई. वर जायाचं कावून?"

"तुमाला सांगितलंय तेवढं करा," मी खेकसलो. "मला शिकवू नका."

त्याने पक्कड उचलली. आई माझ्याकडे बघत होती.

वर कावून, ते मला चांगलं माहीत होतं. सुरुवातीचा आठवडाभर मी टेबल तिथेच टाकलं होतं. एकदा फोन चालू असताना आईने तो लांब सूर काढला आणि पलीकडचा माणूस म्हणाला, "सर, तुमच्याकडे कोणी रडतंय का?" दुसऱ्यांदा मीटिंग चालू होती, वीस माणसं ऐकत होती, आणि आईला खोकल्याची उबळ आली. खोकता खोकता घशातून कसले कसले आवाज निघाले. कुणीतरी हसलं. साहेब गोड आवाजात म्हणाले, जरा शांत जागी बसत जा. मीटिंग संपली तसा मी आईकडे वळलो आणि ओरडलो, "जरा गप बसत जा की! लोक हसायलेत मला!" आणि लहान पोराला करतात तसं ओठांवर बोट ठेवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी माडीवर गेलो.

मला माझ्या आईची लाज वाटली. हे असं लिहायला मला फार जड जातंय, पण दुसरा शब्द नाही.

घंटीच्या दोन तारा काढल्या, ओट्यापासून जिन्याने माडीपर्यंत वायरीचा तुकडा जोडला आणि चारही तारा नेटला लावल्या. वायरमनने त्या आपल्या सवयीने ओळीने लावल्या, एक, दोन, तीन, चार. दिवा लागेना. मी म्हणालो, चौथी तार सहाव्या खाचेत जाते. तो म्हणाला, "मदल्या दोन मोकळ्या सोडून? ह्यो कसला कायदा?" पण लावली. माडीवर हिरवा दिवा लुकलुकायला लागला. मला इतका आनंद झाला की मी त्याला मिठीच मारली. साहेबांनी पुण्यातून तपासणी केली आणि दुसऱ्या दिवशी पत्र आलं: आता कायमचं घरून काम करा. मी ते पत्र आईला वाचून दाखवलं. "आता मी कुठंच जात न्हाई बघ," म्हणालो. तिने मान हलवली, पण तिची नजर बटणाच्या जागच्या रिकाम्या चौकटीवर होती.

तिच्यासाठी मी केजहून बिनवायरची घंटी आणली होती. छोटं बटण तिच्या हाताशी, आणि डबी माझ्या टेबलावर. बटण दाबलं की पाखरं चिवचिवायची, चांगली दहा-बारा सेकंद. "मी वर पोचलो की दाब," म्हणून मी माडीवर गेलो. पाखरं चिवचिवली. "झकास!" मी ओरडलो.

डबी घेऊन खाली आलो, तर आईने पुन्हा दाबून पाहिलं आणि मान हलवली. न्हा, न्हा. तिने बटण एकदा दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग दोनदा दाबलं. मग दाबून धरलं. डबीतून येणारा आवाज तोच. एकदा दाबा, चारदा दाबा, धरून ठेवा, पाखरं आपली तेवढाच वेळ चिवचिवायची. ती मला काय सांगत होती ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही. मला वाटलं, नवीन वस्तूला नाक मुरडतेय. "व्हईल सवय," म्हणालो आणि डबी घेऊन जिना चढलो. ज्या बाईने चाळीस वर्षं घंट्या मोजल्या, तिच्या हातात मी न मोजणारी घंटी दिली होती.

दहा-बारा दिवस बरे गेले. पाखरं चिवचिवली की मी खाली जायचो. पाणी हवं असेल तर पाणी द्यायचो, कमोड तर कमोड. फोन चालू असला तर आधी फोन संपवायचो. बहुतेक वेळा पाणीच असायचं, आणि पाण्याचा तांब्या तर मी तिच्या हाताशी भरून ठेवायला लागलो होतो.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला एका दवाखान्याचा फोन आला. त्यांचं सगळं बंद पडलं होतं, बाहेर रांग लागली होती आणि पलीकडचा माणूस रडकुंडीला आला होता. मी पहिल्याच रिंगला उचलला. पाच मिनिटांनी पाखरं चिवचिवली. तांब्या आहे की, मी मनात म्हणालो. पुन्हा चिवचिवली. दुकानापर्यंत ऐकू जात नाही हे विसरून मी माइक बंद केला आणि जिन्याकडे तोंड करून ओरडलो, "आलो, आलो! दम धर जरा!" तिसऱ्यांदा चिवचिवली तेव्हा मला राग आला. खरंच राग आला. मी डबी उचलली आणि उशीखाली सारली. मग आवाज आला नाही. मला वाटलं, समजलं तिला.

वीस मिनिटांनी दवाखान्याचं काम झालं. तो माणूस म्हणाला, "सर, तुम्ही देवासारखे भेटलात." मी हसत हसत खाली आलो.

आई कॉट आणि कमोडच्या मध्ये फरशीवर पडली होती. लुगडं ओलं झालं होतं. एक पाय असा वळला होता की बघवेना. डाव्या मुठीत ते बटण होतं आणि अंगठा त्याच्यावर दाबून धरलेला. तिने लांब घंटी दिली होती, आणि ती केव्हापासून देत होती देव जाणे.

अंबाजोगाईला नेलं. खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मी कपाळ बडवून घेतलं. शेजारी युसूफ वडगाव या गावचा एक म्हातारा बसला होता, तो म्हणाला, "म्हातारं माणूस पडतंयच हो. तुमी काय करणार?" त्याला काय सांगू? मी म्हणालो, "मी लई काय काय केलंय, बाबा."

तीन आठवड्यांनी आईला घरी आणलं. पहिलं काम मी एकट्याने केलं. माडीवरची नेटची टोकं कापली, तारा जुन्या जागी जोडल्या, घंटी ओट्याच्या वर लटकवली. बटण उशाशी बसवलं. एकदा दाबून पाहिलं, दोनदा दाबून पाहिलं, मग दाबून धरलं. घरभर आवाज घुमला. "बघ, तुझी आली परत," मी आईला म्हणालो.

तिने ते एकदाही दाबलं नाही. माझी रजा अजून चालू होती; दुपारी मी मुद्दाम स्वयंपाकघरात बसून राहायचो, कान त्या घंटीकडे लावून. काही नाही. पुढे जाऊन बघायचो तर तिचे ओठ कोरडे पडलेले असायचे, नाहीतर चादर ओली झालेली असायची. "कावून दाबली न्हाईस?" मी विचारायचो. माझा आवाज चढायचा, मग मीच गळून जायचो. ती नुसती बघत राहायची. तिच्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

रजा संपली तसं मी ते केलं जे वायरमनने चहा पिता पिता सांगितलं होतं. टेबल खाली आणलं आणि तिच्या कॉटला चिकटून मांडलं. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत हातभर वायर लावली. हिरवा दिवा लागला. पाच मिनिटांचं काम. त्यासाठी मी स्लॅबमधून वायर न्यायला निघालो होतो.

पहिले दोन-तीन दिवस सुरळीत गेले. मला नवलच वाटलं. फोन चालू असताना आई चिडीचूप. तो कण्हण्याचा सूर नाही, खोकला नाही. सकाळच्या बाईला मी म्हणालोही, "खोकला कमी झाला वाटतं आईचा." ती पीठ मळत होती. म्हणाली, "तुमी फोन ठिवला की किती खोकत्यात ते बगितलं न्हाई का? डोळ्यातून पाणी येतंय त्यांच्या." मी ऐकलं आणि सोडून दिलं.

चौथ्या दिवशी फोन आला. मी बोलत होतो. बोलता बोलता पडद्यावर काहीतरी हललं. कॉम्प्युटरच्या काळ्या काचेत मागची कॉट दिसत होती. मी वळलो.

आईने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि डाव्या हाताने तो दाबून धरला होता. चेहरा लालबुंद. सगळी छाती आतल्या आत उसळत होती. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. आणि आवाज, काही नाही. इतके दिवस ती हे करत होती. डॉक्टरांनी दाबू नका म्हणून सांगितलेला खोकला ती माझ्या फोनसाठी दाबत होती, माझ्या पाठीमागे, हातभर अंतरावर.

"आई, खोक," मी म्हणालो. "अगं खोक की!"

तिने मानेनेच न्हा म्हटलं. पदरावरचा हात काढला, माझ्या कानावरच्या हेडफोनकडे दाखवला, आणि ओठांवर बोट ठेवलं. अगदी तसंच, जसं मी तिला ठेवून दाखवलं होतं.

मी खुर्चीवरून उठून कॉटवर बसलो आणि तिच्या तोंडातला बोळा काढला. हेडफोनची वायर ताणली गेली, पण माइक चालू होता, तो मी चालूच ठेवला. मग ती खोकली. लई वेळ खोकली, घशातले सगळे आवाज काढत, मी पाठ चोळत होतो तोवर.

पलीकडचा माणूस विचारत होता, "सर? सर, हा कसला आवाज आहे?"

"माझी आई आहे," मी म्हणालो. "ती खोकतेय. तिचं होऊ द्या, मग बोलू."